संकेतस्थळाचें शुद्धिपत्र

जुन्या मराठी व संस्कृत ग्रंथांच्या शेवटीं शुद्धिपत्र म्हणून एक पान असे. पुष्कळ वाचक तें उघडूनही पाहत नसत. परंतु ज्यांस ग्रंथाची खरी चाड असे, ते प्रथम शिसपेन्सिल घेऊन शुद्धिपत्राप्रमाणें आंतील पानें दुरुस्त करीत आणि मगच वाचनास बसत. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढिला. पुढें त्याच्या संस्कृत ग्रंथांचा जो लौकिक देशभर झाला, तो टंकाच्या सौंदर्याइतकाच मुद्रितें तपासणाऱ्या शास्त्री मंडळींच्या डोळ्यांवर उभा होता.

आज घरोघरच्या उपयोगाची बहुतेक माहिती छापील पानांवर राहिलेली नाहीं. परीक्षांचे निकाल, आगगाडीचें आरक्षण, पाणीपट्टी, शिष्यवृत्तीचे अर्ज, फार काय, कुळांच्या वंशावळीदेखील आतां संकेतस्थळांवर गेल्या आहेत. ह्या नव्या पानांचें शुद्धिपत्र कोण काढतो? ऱ्हस्वदीर्घाविषयीं आम्ही येथें बोलत नाहीं. त्याविषयीं ह्या सदरांत आम्हीं पूर्वीं वाचकांस पुरेसा त्रास दिला आहे. आजचा विषय त्याहून खोलवरच्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या अशुद्धींचा आहे.

पडद्यावर जें पान आपणांस दिसतें, त्याच्यामागें त्याची एक संहिता असते. ती एचटीएमएल नांवाच्या खुणांच्या भाषेंत लिहिलेली असते. ही भाषा टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थानें जिनीव्हाजवळील 'सर्न' ह्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंत असतांना निर्माण केली. मूळ कल्पना १९८९ सालची, आणि खुणांची पहिली यादी १९९१ सालची. खूण म्हणजे कोनी कंसांत लिहिलेला एक लहानसा शब्द. येथें मथळा सुरू झाला, येथें संपला. हा परिच्छेद, ही यादी, हें चित्र, ही अर्जांतली रिकामी चौकट, असें ती यंत्रास सांगते. बहुतेक खुणा जोडीनें येतात: एक उघडणारी, दुसरी मिटणारी. त्यांचा मुख्य नियम म्हणजे आपला अंकगणितांतील कंसांचाच नियम होय. जो कंस शेवटीं उघडला, तो आधीं मिटला पाहिजे. ताटांत वाटी ठेवावयाची तर ती संपूर्ण ताटांतच असावी. अर्धी ताटांत आणि अर्धी पाटावर अशी वाटी ठेवतां येत नाहीं. ह्याखेरीज दुसरेही नियम आहेत. एका पानावर एकच ओळखनांव दोन वस्तूंस देऊं नये, चित्रास शब्दांत पर्याय द्यावा, पान कोणत्या भाषेंत आहे हें आरंभींच सांगावें, इत्यादि. हे नियम पाळले गेले आहेत कीं नाहींत हें पाहणें, ह्याला त्या क्षेत्रांत प्रमाणीकरण म्हणतात. आम्ही त्यास व्याकरणशुद्धि म्हणतों.

आतां गंमत अशी कीं, ज्याच्या साहाय्यानें आपण हीं पानें पाहतों तो ब्राउझर मोठा क्षमाशील आहे. नातवंड अर्धेंच वाक्य बोललें तरी आजी जसा त्याचा पुरा अर्थ लावते, तसा तो मोडक्या खुणांतून कांहीं तरी सुसंगत चित्र उभें करतो. २००० सालीं एक्सएचटीएमएल नांवाचा एक कडक अवतार प्रसिद्ध झाला. त्याचें शासन अक्षरशः पाळावयाचें म्हटलें, तर एक मिटणारी खूण विसरली तरी सारें पान नाकारून वाचकापुढें केवळ दोषाची सूचना ठेवावयाची. लोकांस तें पटलें नाहीं, आणि आमच्या मतें तें योग्यच झालें. लेखकाच्या प्रमादाचा दंड वाचकानें कां भरावा? २०१४ सालीं एचटीएमएलची पांचवी आवृत्ति प्रमाण ठरली, तिनें तर क्षमेचेही नियम घालून दिले. अमुक चूक आढळल्यास प्रत्येक ब्राउझरनें ती अमुक रीतीनेंच सांवरून घ्यावी, असें तींत सांगितलें आहे. धर्मशास्त्रांत प्रायश्चित्तप्रकरण असतें, तशांतलाच हा प्रकार. परंतु प्रायश्चित्त लिहून ठेविलें म्हणून आचार सोडण्याची मोकळीक मिळाली, असें कोणीही धर्मशास्त्री म्हणणार नाहीं. आणि त्या आवृत्तीनेंही पान लिहिणाऱ्यास तशी मोकळीक दिलेली नाहीं.

मग तपासणीचें प्रयोजन काय, पान तर नीट दिसतें, असें कोणी म्हणेल. ह्या 'दिसतें' शब्दांतच सारा घोटाळा आहे. ज्यांस दिसत नाहीं त्यांचें काय? अंध वाचकासाठीं स्क्रीन रीडर नांवाची एक योजना असते. ती पानामागील खुणा वाचून त्या वाणीनें सांगते. 'एनव्हीडीए' ही अशी एक योजना मायकेल करन ह्या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं आरंभिली, पुढें जेम्स टेह हा तसाच अंध सहकारी त्यास मिळाला, आणि आज ती कोणासही विनामूल्य मिळते. डोळस मनुष्य ठळक अक्षर पाहून हा मथळा असें ओळखतो. अंधास मात्र तें खुणेवांचून कळण्यास मार्ग नाहीं. पान सबंध मराठी, पण आरंभीं भाषेची खूण इंग्रजीची, असा प्रकार फार आढळतो, कारण इंग्रजी नमुना आणून त्यांत मराठी मजकूर ओतलेला असतो. अशा वेळीं तें यंत्र इंग्रजी वाणीनें देवनागरी वाचूं पाहतें. कांहीं वाणी एकेका अक्षराचें नांव घेत बसतात, कांहीं सरळ मौन धरतात. त्वष्ट्याची कथा वाचकांस आठवत असेल. इंद्राचा वध करणारा पुत्र त्यानें मागितला, पण 'इन्द्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्रच वृत्राचा मारेकरी ठरला. अक्षर एकही बदललें नव्हतें.

हा केवळ दयेचा प्रश्न राहिलेला नाहीं. भारत सरकारनें आपल्या संकेतस्थळांसाठीं २००९ सालीं मार्गदर्शक तत्त्वें काढिलीं, आणि त्यांची तिसरी आवृत्ति २०२३ सालीं निघाली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, त्याखालील नियम २०१७ चे. त्या नियमांनीं ह्याच तत्त्वांचा आधार घेतला आहे. ३० एप्रिल २०२५ रोजीं तर सर्वोच्च न्यायालयानें, अशा सुविधांपर्यंत पोहोंचतां येणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें स्पष्ट सांगितलें. त्या खटल्यांत आम्लहल्ल्याला बळी पडलेल्या व्यक्ति होत्या, तसेच एक अंध अर्जदारही होते. पेढीचें ओळखपडताळणीचें काम डोळे मिचकावून दाखवा असें म्हणून अडत होतें. कायदा येथवर आला आहे. पानें अद्याप मागें आहेत. 'वेबएम' ही अमेरिकन संस्था २०१९ पासून दरवर्षीं दहा लक्ष संकेतस्थळांचीं मुखपृष्ठें यंत्रानें तपासते. २०२४ सालीं त्यांपैकीं शेंकडा ९५.९ पानांवर अपंगांस अडथळा होईल असा निदान एक तरी दोष सांपडला. आणि हीं नुसतीं मुखपृष्ठें बरें कां! दिवाणखाना सर्वच झाडतात. माजघर आणि कोठी कोणी पाहिलीच नाहीं.

आम्ही राहतों त्या गांवाचें नांव करावे. नव्या मुंबईंत, नेरुळच्या बाजूस, खाडीच्या कांठीं हा जुना गांव आहे. १९९३ पासून दर्यावर्दी अधिकारी तयार करणारी टी. एस. चाणक्य ही संस्था येथेंच आहे, आणि तिच्या मागच्या पाणथळींत हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गांवाच्या नांवांतच विध्यर्थ असल्यामुळें येथें राहणाऱ्यास उपदेश करण्याचा थोडा अधिकार आपोआप मिळतो, अशी आमची समजूत आहे. गेल्या माघांत, थवे खाडींत असतांनाच, आमच्या कुळांतील एका तरुणाचा दूरध्वनि आला. हा मुलगा जन्मांध नाहीं. अकराव्या वर्षीं त्याची दृष्टि गेली. आतां तो पदवीच्या वर्गांत आहे. आमच्या कुलमंडळाचें एक संकेतस्थळ आहे. वंशावळ, कुलदैवताचा उत्सव, दिवंगतांचीं चरित्रें आणि गरजू विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्तीचा अर्ज असें सर्व त्यावर आहे. त्यानें अर्ज भरला होता. तो 'अपूर्ण व विसंगत' म्हणून परत आला.

"काका, मीं सगळें लिहिलें होतें हो," तो म्हणाला. "पहिल्या चौकटीवर दोन नांवें ऐकूं आलीं, म्हणून दोन्ही तेथेंच लिहिलीं. दुसरी चौकट तर कांहीं बोललीच नाहीं."

चौकट बोलली नाहीं, हे शब्द आमच्या मनांतून जाईनात. आमची नात संगणकाचें शिक्षण घेते. तिनें तें पान उघडून त्याची मागील संहिता दाखविली आणि पांच मिनिटांत उलगडा झाला. अर्जाच्या आरंभीं 'अर्जदाराचें नांव' अशी चौकट होती व तिला एक गुप्त ओळखनांव दिलेलें होतें. पुढें 'वडिलांचें नांव' ही चौकट करतांना कोणी तरी पहिलाच तुकडा उतरून खालीं चिकटविला, दिसणारे शब्द बदलले, पण न दिसणारें ओळखनांव तसेंच ठेविलें. त्यामुळें दोन्ही पाट्या पहिल्याच चौकटीला लागल्या आणि दुसरी चौकट बिनपाटीची राहिली. डोळसांस पाटी शेजारींच दिसत असल्यानें इतक्या वर्षांत एकाचीही तक्रार आली नव्हती. पोथ्या उतरणारे लेखक शेवटीं लिहीत असत कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊं नये. येथें तितकेंही लिहिणारा कोणी नव्हता.

ती एक चौकट दुरुस्त करून आम्हांस थांबतां आलें असतें. पण एका पानावर जें झालें तें दुसऱ्यावर झालें नसेल कशावरून? म्हणून सर्व पानें तपासावयाचें ठरलें. ही तपासणी कशी करितात तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण वाचकांपैकीं पुष्कळांच्या कुलमंडळांचीं, देवस्थानांचीं, शाळांचीं स्थळें घरांतल्याच मुलांनीं केलेलीं असतात.

पहिलें काम म्हणजे पानांची संपूर्ण यादी करणें, आणि तेंच सर्वांत कठीण. मुखपृष्ठावरून दुव्यांच्या मागानें जात गेलें तर जीं पानें जोडलेलीं आहेत तीं सांपडतात. परंतु कांहीं पानांकडे जाणारी वाट मध्यंतरीं कोणी मोडलेली असते आणि तीं आडगांवासारखीं तशींच पडून असतात. चांगल्या स्थळावर पानांची एक यादी यंत्रासाठीं ठेवलेली असते, तिला साइटमॅप म्हणतात. ती आणि दुव्यांची यादी ताडून पाहिली, तेव्हां आमच्या स्थळाचीं पानें एकशें बारा भरलीं. चालकांच्या मतें तीं 'साठेक' होतीं!

तपासनीस यंत्र विनामूल्य आहे. १९९४ सालीं स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या संकेतस्थळावर पानाचा पत्ता दिला कीं तें दोषांची ओळवार यादी देतें. पण तेथें एका वेळीं एकच पान. सगळ्यांसाठीं 'नू' नांवाचा तपासनीस आपल्याच संगणकावर आणून बसवावा, सर्व पानें उतरवून एका फोल्डरांत ठेवावीं आणि तो फोल्डर त्याच्या स्वाधीन करावा. नातीनें तसें केलें. पानें उतरवून घ्यावयाचीं तीं वाचकापर्यंत जशीं पोहोंचतात तशींच, हें तिनें आवर्जून सांगितलें. कारण हल्लीं पुष्कळ पानें मागणी येतांच तयार होतात, आणि कारखान्यांतील सांचा शुद्ध असला म्हणून बाहेर पडणारी मूर्ति शुद्ध असतेच असें नाहीं.

यंत्रानें नऊशेंवर दोष काढिले. आंकडा ऐकून चालकांनीं स्थळ नव्यानें बांधण्याची भाषा सुरू केली. जुन्या शिक्षकास मात्र अशा आंकड्याचें भय वाटत नाहीं. गुणाकारांत हातचा चुकला तर पुढच्या सर्व ओळी चुकतात. चूक एकच असते. म्हणून नियम असा कीं, यादींतला पहिला दोष आधीं काढावा आणि पुन्हां तपासावें. प्रत्येक पानाच्या वरच्या पट्टींत एक मिटणारी खूण राहिली होती. ती पट्टी एकाच सांच्यांतून एकशें बारा पानांवर गेली होती. तेवढी खूण घालतांच दोष दोनशेंच्या खालीं आले. सांचे शुद्ध झाल्यावर जे उरले, ते ज्या त्या पानाचे स्वतःचे. ते हातानेंच काढावे लागले. त्या कामाला आठ संध्याकाळ लागल्या. भाषेची खूण मात्र यंत्राच्या भरंवशावर न ठेवतां आम्हीं स्वतः प्रत्येक पानावर पाहिली. चरित्रांच्या सबंध विभागावर ती इंग्रजीची होती, म्हणजे आमच्या पणजोबांचें चरित्र त्या मुलाला आजवर ऐकतांच आलें नव्हतें.

आपल्या पूर्वजांनीं वेदाच्या रक्षणासाठीं पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा पाठांची योजना केली. प्रत्येक पद शेजारच्या पदांशीं उलटसुलट जुळवून म्हणावयाचें, आणि तेंही निवडक सूक्तांचें नव्हे, तर सबंध संहितेचें. घनपाठी मनुष्य सोईचीं सूक्तें निवडून घेत नाहीं. आमच्या नातीस हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे त्यांनीं तपासनीस पाठ करून ठेवला होता." वर्णन अगदींच वाईट नाहीं.

तथापि यंत्राचा अधिकार किती, हेंही जाणून असावें. शब्दबोधाला आकांक्षा, योग्यता आणि संनिधि लागतात, असें नैयायिक सांगतात, आणि योग्यता नसल्याचें उदाहरण म्हणून 'अग्नीनें शिंपडतो' हें वाक्य देतात. विभक्ति बरोबर, क्रियापद बरोबर, व्याकरणाचा एकही दोष नाहीं. पण अग्नीनें शिंपडतां येत नाहीं. तपासनीस यंत्र आकांक्षा व संनिधि पाहतें, योग्यता त्याला कळत नाहीं. चित्राला शब्दांत पर्याय आहे कीं नाहीं एवढें तें पाहील. तो पर्याय 'चित्र क्रमांक चार' असा निरर्थक असला तरी तें समाधान पावेल. आमच्या स्थळावर उत्सवाचा वृत्तांत अशा जुन्या टंकांत होता कीं, पडद्यावर मराठी अक्षरें दिसत, पण आंत रोमन अक्षरांची अर्थहीन रांग असे. युनिकोडांत देवनागरी १९९१ पासून आहे, तरी तें सर्वांच्या हातीं येईपर्यंत हे टंक पुष्कळ वर्षें चालले. यंत्रानें त्या पानास एकही दोष लावला नाहीं. बोलक्या यंत्रानें तेंच पान वाचलें तेव्हां जें ऐकूं आलें तें कोणत्याही भाषेंतलें नव्हतें. तीं नऊ पानें नव्यानें टंकलिखित करावीं लागलीं. ऐकून पाहिल्यावांचून तपासणी पुरी होत नाहीं, हें त्या दिवशीं पटलें.

उलट पक्षही सांगितला पाहिजे. सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय नियम २००८ सालीं निघाले, त्यांत खुणांचें व्याकरण शुद्ध असावें असें एक स्वतंत्र कलम होतें. २०२३ च्या आवृत्तींतून तें वगळण्यांत आलें. ह्यावरून कांहीं तरुण मंडळी म्हणतात कीं, आतां व्याकरण तपासणें हें जुनाट सोंवळें आहे. कलम वगळण्याचें कारण असें कीं, सर्व ब्राउझर एकाच रीतीनें चुका सांवरून घेऊं लागले, आणि ज्या चुका खरोखर माणसास अडवितात त्या दुसऱ्या कलमांखालीं येतातच. हें कारण आम्हांस मान्य आहे. एखादी परिच्छेदाची खूण मिटली नाहीं म्हणून कोणाचें नुकसान होत नाहीं, आणि शून्य दोषांची पाटी मुखपृष्ठावर मिरविणें ही हौसच आहे. पण कोणती चूक निरुपद्रवी व कोणती एखाद्याचा अर्ज परत पाठविणारी, हें यादी हातीं आल्याशिवाय कसें ठरविणार? नऊशेंच्या गर्दींत तें दुहेरी ओळखनांव एका ओळीचें होतें, आणि तें अठ्ठ्याऐंशीव्या पानावर होतें.

कुलमंडळानें त्या मुलाचा अर्ज पुन्हां मागविला. ह्या वेळीं नाती शेजारीं बसली होती, पण तिनें हात लावला नाहीं. चौकटी एकेक करून आपापलीं नांवें सांगूं लागल्या, आणि त्यानें चवदा मिनिटांत अर्ज शेवटपर्यंत नेला. तेथें 'छायाचित्र जोडा' हें बटण मुकेंच निघालें. तें बटण नसून बटणाचें चित्र आहे, असें नात म्हणते. येत्या शनिवारीं तें पाहावयाचें आहे.